न लागलेलं दही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दही कसं लावावं हे सांगायला रेडिओवर कुणी कशाला हवं, असं तुमच्यापैकी अनेकजणींच्या मनात आलं असेल. बरोबरच आहे. दूध तापवायचं, कोमट करायचं, विरजण घालायचं आणि झाकून ठेवायचं. हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. आईच्या नाहीतर सासूच्या मागे उभं राहून बघता बघता ते हाताला येतं. पण आज मी बोलणार आहे ती लागलेल्या दह्याबद्दल नव्हे, न लागलेल्या दह्याबद्दल. आमच्या गल्लीत एका घरी ओळीनं चार दिवस दही लागलं नाही आणि त्याला कारण आम्ही होतो. त्या चार दिवसांनी मला दह्याबद्दल जेवढं शिकवलं, तेवढं विज्ञानाच्या पुस्तकानंही शिकवलं नव्हतं.

आमचं गाव पेठ वडगाव. कोल्हापूर जिल्ह्यातलं, हातकणंगले तालुक्यातलं. सेनापती धनाजी जाधवांची समाधी इथं आहे. पण पंचक्रोशीला गाव माहीत आहे ते बाजारपेठ म्हणून, आणि त्यातही जनावरांच्या बाजारासाठी. 1978 साली लग्न होऊन मी या गावात आले आणि शाळेत विज्ञान शिकवू लागले. तेव्हा आमच्या गल्लीत ज्याच्या परड्यात म्हैस नाही असं घर शोधावं लागे. पहाटे धारा निघाल्या की थोडं दूध घरात ठेवायचं, थोडं रतिबाला घालायचं आणि उरलेलं किटलीत भरून दूध संस्थेत न्यायचं. जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं 'गोकुळ', 1963 साली सुरू झाला आणि तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं वारणेचा दूध संघ 1968 साली उभा राहिला. म्हशीच्या दुधाचे पैसे घरातल्या बाईच्या हातात दर दहा दिवसांनी येऊ लागले, तो हा काळ. त्या पैशांवर किती मुलांची शिक्षणं झाली, हे आमच्या भागात वेगळं सांगायला नको.

आमच्या शेजारी एक आक्का राहत. एकट्याच. म्हैस ठेवण्याचं वय उलटून गेलेलं, म्हणून आमच्याकडून रोज अर्धा लिटर दुधाचा रतीब. त्यातलं चहापुरतं काढून बाकीचं सगळं त्या विरजत. मातीच्या गाडग्यात लावलेलं त्यांचं दही सुरीनं कापावं असं असे. गाडगं आडवं केलं तरी हलायचं नाही. गल्लीत कुणाचं दही फुटलं, आंबट झालं, कुणी परगावी जाऊन आलं आणि घरचं विरजण संपलं, की वाटी घेऊन आक्कांच्या दारात उभं राहायचं. दिवेलागणीच्या आत मात्र. दिवे लागल्यावर आक्का दही देत नसत. हे विरजण त्यांनी लग्नानंतर माहेराहून आणलेलं होतं आणि चाळीस वर्षं एक दिवसही मोडू दिलं नव्हतं, असं त्या अभिमानानं सांगत. परीक्षेला निघालेलं गल्लीतलं प्रत्येक पोर आधी आक्कांकडून हातावर दही घेऊन मगच पुढे जाई.

आता हे विरजण म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगते. विरजण म्हणजे जिवंत जिवाणू. चमचाभर दह्यात ते कोट्यवधींनी असतात. दुधात साखर असते, लॅक्टोज नावाची. हे जिवाणू ती खातात आणि तिचं आम्ल करतात. आम्ल वाढत गेलं की दुधातलं केसिन नावाचं प्रथिन एकमेकांना धरू लागतं आणि त्याचं जाळं तयार होतं. दुधातलं पाणी, स्निग्धांश, सगळं त्या जाळ्यात अडकून राहतं. तेच दही. हलवलं की जाळं तुटतं आणि पाणी सुटतं. म्हणून आपल्या आया 'विरजलेल्या भांड्याला हात लावू नको' म्हणून ओरडत. त्यांना केसिन माहीत नव्हतं, पण जाळं माहीत होतं.

दह्यातल्या या जिवाणूंची शास्त्रीय ओळख तशी अलीकडची. स्टामेन ग्रिगोरोव्ह नावाचा बल्गेरियाचा एक तरुण जिनिव्हात वैद्यकशास्त्र शिकत होता. 1905 साली त्यानं आपल्या देशातल्या दह्यात काडीच्या आकाराचा एक जिवाणू पाहिला. त्याच्या जोडीला मण्यांच्या माळेसारखा दिसणारा दुसरा एक असतो. गंमत अशी, की ही दोघं एकमेकांना पोसतात. काडीवाला प्रथिनं फोडून माळेवाल्याला खाऊ देतो आणि माळेवाला काडीवाल्याला लागणारं आम्ल पुरवतो. एकेकटे वाढायला ठेवले तर हळू वाढतात, एकत्र ठेवले तर झपाट्यानं. आपल्या घरच्या दह्यात यांच्याखेरीज आणखीही काही जाती असतात आणि त्या घराघराप्रमाणे बदलतात. म्हणूनच एकाच म्हशीच्या दुधाचं दही दोन घरांत दोन चवींचं होतं.

या जिवाणूंना ऊब लागते, पण चटका सोसत नाही. चाळीस ते पंचेचाळीस अंश तापमान त्यांना मानवतं. आमच्या आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, थर्मामीटर नव्हता. त्या दुधात करंगळी बुडवत आणि दहा आकडे मोजत. दहापर्यंत बोट ठेववलं तर विरजण घालायचं, त्याआधी काढावं लागलं तर थांबायचं. पुढे मी शाळेतला थर्मामीटर आणून तपासलं. आत्याबाईंची करंगळी एका अंशानंही चुकत नव्हती, असं म्हणणार नाही. पण दही बिघडेल इतकी कधीच चुकली नाही.

आणखी दोन गोष्टी त्या न चुकता करत. दूध उतू जाण्याच्या बेतात आलं की खाली न उतरवता मंद आचेवर आणखी पाच-दहा मिनिटं ठेवत. त्यानं दूध थोडं आटतं आणि केसिनखेरीजची दुधातली दुसरी प्रथिनं उष्णतेनं उलगडून केसिनला चिकटतात, त्यामुळे दही घट्ट बसतं. दुसरं म्हणजे विरजण थोडंच घालत. अर्ध्या लिटरला अर्धा चमचा पुरे. जास्त विरजणानं दही लवकर लागतं, पण लवकर आंबटही होतं. उन्हाळ्यात चार-पाच तासांत काम होतं. थंडीत मात्र भांडं घोंगडीत गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवायचं आणि सकाळपर्यंत विसरून जायचं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार. म्हणून म्हशीचं दही घट्ट आणि गाईचं जरा मऊ. गाडग्यातलं दही अधिक घट्ट, कारण माती दुधातलं पाणी शोषून घेते.

आता त्या चार दिवसांकडे येते.

1984चा पावसाळा. परड्यात चिखल. आमच्या म्हशीच्या एका सडाला सूज आली. कास दगडासारखी कडक लागते म्हणून आमच्याकडे या रोगाला दगडी म्हणतात. डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली, आणखी दोन दिवस टोचायला सांगितली. जाताना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "औषध संपल्यावरही तीन दिवस दूध वापरू नका." हे मी मुद्दाम सांगते, कारण चूक डॉक्टरांची नव्हती.

आम्ही संस्थेत दूध घालणं थांबवलं. दुखऱ्या सडाचं दूध आत्याबाई जमिनीवर पिळून टाकत. पण उरलेली तीन सडं चांगली होती. त्यांचं दूध दिसायला पांढरंशुभ्र, वासाला चांगलं. "हे कशाला टाकायचं? रोग एका सडाला झालाय," असं आत्याबाईंचं म्हणणं. ऐकायला अगदी खरं वाटणारं. महिनाअखेर होती, डॉक्टरांचे आणि औषधाचे पैसे गेले होते, संस्थेचं बिल येणार नव्हतं. आक्कांचा रतीब चालू राहिला.

मी विज्ञानाची शिक्षिका. सुईनं दिलेलं औषध रक्तात जातं आणि दूध रक्तातूनच बनतं, मग ते चारही सडांत उतरणार, एवढं मला कळायला हवं होतं. किंबहुना कळतच होतं. कारण त्या दिवसांत माझ्या मुलांच्या पेल्यात मी ते दूध ओतलं नाही. त्यांच्यासाठी समोरच्या घरून पावशेर दूध आणत होते. आत्याबाईंना मात्र मी काही बोलले नाही आणि आक्कांनाही नाही.

पहिल्या दिवशी आक्कांचं दही लागलं नाही. पावसाळी हवा, ऊब कमी पडली असेल, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडगं चुलीच्या उबेला ठेवलं. तरी सकाळी दूध ते दूधच, वर नुसती साय. तिसऱ्या दिवशी त्यांनी उरलंसुरलं सगळं जुनं विरजण घालून बघितलं. काही झालं नाही. म्हणजे चाळीस वर्षांचं ते विरजणही आता संपलं. चौथ्या दिवशी शेजारून चमचाभर मागून आणलं, तेही वाया गेलं. गल्लीतल्या बायका वाटी घेऊन येत आणि रिकाम्या परत जात. संध्याकाळी मी रतीब घालायला गेले तेव्हा आक्का पायरीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, हातच गेला बघ माझा. आता माझ्या हाताला दही लागत न्हाई."

त्या रात्री मी दोन वाट्या घेतल्या. एकीत आमच्या म्हशीचं दूध, दुसरीत समोरच्या घरचं. दोन्ही सारखंच तापवलं, सारखंच कोमट केलं, एकाच घरून मागून आणलेलं विरजण दोन्हींत सारखंच घातलं आणि दोन्ही वाट्या गव्हाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवल्या. सकाळी समोरच्या घरच्या दुधाचं दही झालं होतं. आमची वाटी तिरकी केली तर दूध वाहत होतं.

जिवाणू मारायला दिलेलं औषध जिवाणूच मारणार. म्हशीच्या कासेतला रोगाचा जिवाणू कोणता आणि आक्कांच्या गाडग्यातला माहेरचा कोणता, हे त्याला कसं कळावं? आणि दूध उकळलं म्हणून ही औषधं जात नाहीत. बरीचशी तशीच राहतात.

दोन्ही वाट्या घेऊन मी आक्कांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही वाट्यांत बोट घालून बघितलं. आधी त्यांना हायसंच वाटलं. "म्हंजे माझा हात गेला न्हाई?" असं म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प बसल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या पोरांनी पेलं का हे दूध?"

मी "नाही" म्हणाले.

त्या आणखी काही बोलल्या नाहीत. रतीब बंद केला. महिनाभर त्या दुसरीकडून दूध घेत होत्या. आत्याबाईंना मी घरी येऊन वाट्या दाखवल्या. त्या आधी माझ्यावरच चिडल्या, मग त्यांनी त्या दिवसाचं दूध परड्यातल्या खड्ड्यात ओतलं. पुढे आमच्या घरी एक पद्धत पडली. म्हशीला सुई टोचली, की आत्याबाई दावणीच्या खांबावर खडूनं रेघ मारत. औषध संपल्यापासून प्रत्येक धारेला एक रेघ. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांच्या रेघा पुऱ्या झाल्याशिवाय त्या दुधाला घराचा उंबरा नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण त्या रेघा कधी चुकल्या नाहीत.

आक्कांच्या विरजणाचं काय झालं? त्यांची एक लेक लाटवड्याला दिली होती. लग्नात आईनं तिच्याबरोबर विरजणाची वाटी दिली होती आणि तिनंही ते मोडू दिलं नव्हतं. पुढच्या बाजाराला ती येताना तांब्यातून दही घेऊन आली आणि आक्कांचं गाडगं पुन्हा सुरू झालं. शास्त्राच्या दृष्टीनं ते तंतोतंत तेच विरजण होतं, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या घरचं दूध, दुसरी हवा, त्यात जिवाणूंची सरमिसळ होतेच. पण आक्कांना ती शंका आली नाही आणि मीही काढली नाही. ते परत मिळालं याचं कारण एकच. त्यांनी ते कधीतरी दिलं होतं. स्वतःपाशीच ठेवलं असतं, तर त्या चार दिवसांत ते कायमचं गेलं असतं.

महिन्यानं आक्कांनी पुन्हा आमचं दूध घ्यायला सुरुवात केली. मात्र रोज तांब्या पुढे करताना विचारत, "आज सुई टोचलीय का?" शेवटपर्यंत विचारत होत्या. त्यांचं विचारणं मला कधी टोचलं नाही, असं नाही. पण प्रश्न बरोबर होता.

श्रोतेहो, ही एका गल्लीतली गोष्ट. पण जगातही हे असंच कळलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत गाईंना पेनिसिलिन सर्रास देऊ लागले, तेव्हा पहिली तक्रार डॉक्टरांनी केली नाही. ती केली चीज बनवणाऱ्यांनी. त्यांच्या दुधात विरजण काम करेना. आजही दुधात अशी औषधं आहेत का, हे बघण्याची एक प्रचलित चाचणी याच तत्त्वावर चालते. जिवाणू असलेल्या एका जांभळ्या द्रव्यात दूध घालून ऊब देतात. जिवाणू वाढले, आम्ल झालं, की रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला, तर दुधात काहीतरी आहे. माझ्या दोन वाट्या आणि ही चाचणी यांत तत्त्वाचा फरक नाही.

आपल्याकडेही याची दखल घेतली गेली आहे. 2012 साली औषधांच्या नियमांत दुरुस्ती झाली. जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर, औषध थांबवल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही, ते लिहिणं बंधनकारक झालं. आणि तो काळ ठरवलेला नसेल, तर दुधासाठी तो किमान सात दिवसांचा धरावा असं ठरलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 साली देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांपैकी 77 नमुन्यांत अशा औषधांचा अंश मर्यादेहून अधिक होता. म्हणजे शंभरात एकाहून थोडे जास्त. घाबरून जावं असा हा आकडा नाही, पण विसरावा असाही नाही. कारण यात केवळ दह्याचा प्रश्न नसतो. काहींना पेनिसिलिनची ॲलर्जी असते. आणि अशी औषधं थोडी थोडी पोटात जात राहिली, तर जिवाणू त्यांना सरावतात. मग खऱ्या आजारपणात ती लागू पडेनाशी होतात.

आता एक सावधगिरीची सूचना. दही लागलं नाही की लगेच गवळ्याच्या अंगावर धावून जाऊ नका. दहातल्या नऊ वेळा कारण घरातच असतं. दूध फार गरम होतं, किंवा फार गार झालं होतं. विरजण जुनं होऊन कमजोर झालेलं होतं. भांड्याला साबण राहिला होता. आधी हे तपासा. मग माझ्यासारख्या दोन वाट्या लावा. एकीत रोजचं दूध, दुसरीत दुसरीकडचं. विरजण एकच, जागा एकच. पुन्हा तसंच झालं, तर दूध देणाऱ्याला शांतपणे विचारा, "जनावर आजारी होतं का?" त्यानं खरं सांगितलं, तर त्याचा रतीब तोडू नका. तेवढे दिवस दूध नको म्हणा आणि पुन्हा सुरू करा. खरं सांगणाऱ्याचं नुकसान होऊ लागलं, तर पुढच्या वेळी कोण सांगेल? महिनाअखेरीला अर्ध्या लिटरचे पैसे किती मोठे वाटतात, ते मला माहीत आहे.

आणि ज्यांच्या दावणीला जनावर आहे, त्यांना माझी विनंती. डॉक्टरांना दिवस विचारून घ्या आणि खांबावर रेघा मारा. एक सड दुखरं असलं तरी दूध चारही सडांचं टाका. खडूला फारसे पैसे पडत नाहीत.

आज आमच्या गल्लीत म्हशी राहिल्या नाहीत. पिशवीतलं दूध येतं आणि दहीही डब्यातलं मिळतं. पिशवीच्या दुधाचं दही उत्तम लागतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तरीही मी रोज वाटीभर दही घरी लावते. आपल्या भाषेत 'उत्साहावर विरजण पडलं' असं म्हणतात. विरजणाला असं वाईट नाव का मिळालं, कुणास ठाऊक. मी तरी विरजणासारखा प्रामाणिक साक्षीदार पाहिला नाही. दूध चांगलं असेल तर ते सकाळी सांगतं, नसेल तर तेही सांगतं. त्याला रतीब तुटण्याची भीती नसते.

परवा शेजारी नव्यानं राहायला आलेली सूनबाई दारात आली. हातात स्टीलची वाटी होती. "काकू, थोडं विरजण द्याल का?" म्हणाली. मी दिलं. दिवेलागणीला अजून वेळ होता.